तिसऱ्या दिव्याखाली

दिवे घ्यायला म्हणून ताई सकाळी साडेदहाला घरातून निघाली, आणि दुपारचे दोन वाजले तरी दिव्यांच्या दुकानातच उभी होती. तेवढ्या वेळात एखादा माणूस घर पसंत करून मोकळा होतो. हिला फक्त पाच दिवे हवे होते.

तिला सगळे ताईच म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा ते ठीक, पण त्याचं ऐकून ऐकून अण्णाही, म्हणजे तिचे वडीलही, पोटच्या मुलीला ताई म्हणायला लागले होते. पन्नाशी उलटलेली, बावीस वर्षं एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासणारी बाई. कुणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे न चिडता विचारत बसायचं हेच तिचं काम. दिवसभर न चिडता राहावं लागायचं म्हणूनच की काय, घरी आल्यावर राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा.

दिव्यांचं प्रकरण सुरू झालं ते अण्णांच्या पडण्यापासून. घरातला पॅसेज चौदा फूट लांब, आणि त्याला एकही खिडकी नाही. एका टोकाला अण्णांची खोली, दुसऱ्या टोकाला बाथरूम. मध्ये भिंतीवर एकच जुना बल्ब, तोही असा, की त्याच्या उजेडात बल्ब तेवढा दिसायचा. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी अण्णा तिथे पडले. हाड मोडलं नाही, पण कंबरेला मार बसला आणि हातात काठी आली. डॉक्टरांनी सांगितलं, या वेळी निभावलं, पुढच्या वेळी अंथरूण धरतील. पॅसेजमध्ये नीट उजेड करा, जमिनीवर वायर नको, पायात येईल असा दिवा नको, आणि डोळ्यांवर झगमगाट तर मुळीच नको, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली आहेत.

म्हणून मग छतात बसवायचे दिवे. पॅसेजला फॉल्स सीलिंग करायचं, त्यात गोल भोकं पाडायची आणि दिवा आत खोलवर बसवायचा. उजेड खाली पडतो, दिवा डोळ्यांत येत नाही. ऐकायला इतकं सोपं.

दुकानदाराने तिला चक्रावून सोडलं. भोक तीन इंची हवं की चार इंची. उजेड पिवळसर, पांढरा की मधला. वर जागा किती सोडणार, कारण दिव्याच्या पाठीमागे हवा खेळली नाही तर तो आतल्या आत तापतो आणि वर्षभरात मरतो. आणि सगळ्यात मोठा घोळ उजेडाच्या कोनाचा. अरुंद कोनाचा दिवा खाली एक गोल पाडतो, रुंद कोनाचा चहूकडे पसरतो. पॅसेजला रुंदच बरा, असं दुकानदार परतपरत सांगत होता. पण रुंद दिव्याकडे लांबून नजर गेली तरी तो टोचतो, हे मान वर केल्या केल्या तिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, डोळ्यांचं मला शिकवू नका, अरुंदच द्या. जवळजवळ लावू, गोलाला गोल चिकटेल.

"घ्या," दुकानदार म्हणाला. "पण अरुंद दिवा काही लपवत नाही, मॅडम. खाली जे असेल ते दाखवतो. मग मला बोलू नका."

तो फरशीच्या उंचसखलपणाबद्दल बोलत होता. निदान तिला तरी तसंच वाटलं.

तेवढ्यात धाकट्याचा तिसरा फोन आला. तो दुसऱ्या शहरात राहायचा आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिथून देखरेख करायचा. त्याचं म्हणणं एकच, एवढा खटाटोप कशाला, एक ट्यूब लावून टाक. तू येऊन लाव, असं म्हणून तिने फोन ठेवला आणि पाच दिवे बांधून घेतले.

पुढचे तीन आठवडे तिने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. सीलिंगवाला दोन दिवसांचं काम नऊ दिवस पुरवून गेला. जाताना धूळ ठेवून गेला. वायरमन भला माणूस होता, पण त्याला काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं : होऊन जाईल. कधी होईल हे कधी सांगायचा नाही. अण्णांना त्या सगळ्या काळात हाताला धरून न्यावं-आणावं लागलं, आणि अण्णा दर वेळी वर बघून विचारायचे, काय चाललंय गं हे. उजव्या भिंतीला तिने धरायला स्टीलची दांडीही बसवून घेतली. शेवटी एका शनिवारी दुपारी वायरमनने बटण दाबलं.

फरशीवर पाच गोल पडले. पहिला लख्ख, दुसरा लख्ख, चौथा आणि पाचवाही लख्ख. तिसरा मळका.

अंधारा नव्हे. कडेकडेने उजेड होता, पण मधोमध राखाडी. धुळीचाच डाग असणार म्हणून तिने ओलं फडकं आणून फरशी घासली. फडकं गोलाच्या मध्यावर गेलं की तेही राखाडी दिसायचं, बाहेर काढलं की पांढरं.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. वायरमन म्हणाला दिवाच खराब आहे. त्याने तिसरा दिवा काढून चौथ्या भोकात लावला, चौथा तिसऱ्यात. चौथा गोल लख्खच राहिला, तिसरा मळकाच. मग तो म्हणाला, सीलिंगवाल्याने भोक तिरकं पाडलंय. सीलिंगवाल्याला चार फोन केल्यावर तो आला, फूटपट्टी लावून म्हणाला, भोक सरळ आहे, करंट कमी येत असेल. वायरमनने वायर बदलली. मग दोघांनी मिळून खापर फरशीवर फोडलं. तिने कपाटातून पांढरी चादर काढून पॅसेजभर अंथरली. चादरीवरही चार गोल पांढरे आणि तिसऱ्याच्या मध्यावर राखाडी. सीलिंगवाल्याला एकदम दुसरं काम आठवलं.

शेवटी तिने दुकानदारालाच बोलावून आणलं. त्याच्या फोनमध्ये उजेड मोजायची सोय होती. त्याने हात वर करून पाचही दिव्यांखाली आकडे घेतले. पाचही सारखे. मग खाली बसून फरशीवर आकडे घेतले. तिसऱ्याखाली निम्म्याहून कमी. त्याने पुन्हा वर मोजलं, पुन्हा खाली मोजलं. मग फोन खिशात घातला आणि म्हणाला, पाचही दिवे दुसरे घ्या, हवे ते घ्या, बदलून देतो. कारण काय असेल, असं तिने विचारलं. दुकानात तासभर कोन समजावणारा तो माणूस घाईघाईने चपला घालायला लागला. चहाही न घेता गेला.

तिचं डोकं भणभणून गेलं. एवढा पैसा, एवढी धूळ, एवढी मिनतवारी, आणि नेमका पॅसेजच्या मधोमध डाग. त्यात अण्णांनी नवंच काढलं.

अण्णा खोलीतून निघायचे, दांडी धरून पहिला गोल ओलांडायचे, दुसरा ओलांडायचे. मग दांडी सोडायचे. काठी टेकत पॅसेज आडवा पार करून डाव्या भिंतीला चिकटायचे, खांदा घासत घासत तिसऱ्या गोलाच्या बाजूने जायचे, आणि चौथ्यात पोचले की पुन्हा दांडीकडे यायचे. ज्या जागी आधाराची सगळ्यात जास्त गरज, तिथेच आधार सोडायचा. ती पहिल्या दिवशी समजावून बोलली, दुसऱ्या दिवशी मोठ्याने बोलली. अण्णा हो म्हणायचे आणि तेच करायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरातून पॅसेजकडे वळत होती, तेव्हा तिला अण्णांचा आवाज आला. हळू, जिन्यात समोरून कुणी आलं तर आपण बोलतो तसा. "जातो हं जरा."

"कुणाशी बोलताय?" तिने विचारलं.

"कुणाशी नाही."

"मग मधून का नाही चालत? दांडी कशासाठी लावली मी?"

अण्णांनी मागे वळून त्या गोलाकडे बघितलं. "मधे... उभं आहे ना."

"कोण उभं आहे?"

"ते मला काय माहीत." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मी पडलो तेव्हापासून आहे. अंधारात अंदाज यायचा नाही, सारखी धास्ती असायची. आता तू दिवा लावलास... बरं झालं. कुठं आहे ते कळतं."

ते भ्यालेले नव्हते, हेच तिला सहन होईना. म्हातारपण आहे, पडण्याचा धसका आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. धाकट्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला डोक्याच्या डॉक्टरांना दाखव, आणि त्या डागाचा व्हिडिओ पाठव. तिने व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर आलं की व्हिडिओत पाचही गोल सारखेच दिसतायत, तुझा नंबर वाढला असेल, तपासून घे. बावीस वर्षं नंबर तपासणाऱ्या बाईला.

रविवारी दुपारी अण्णा झोपले होते. ताईने ठरवलं, आता हे आपणच निकालात काढायचं. तिने एका खोक्याचा पांढरा पुठ्ठा कापून घेतला, ताटाहून मोठा. पॅसेजची दोन्ही बाजूंची दारं लावली, दिवे लावले. आपलीच सावली पडू नये म्हणून चौथ्या गोलाच्या कडेला उभी राहिली, हात लांब केले आणि पुठ्ठा तिसऱ्या दिव्याखाली आडवा धरला, डोक्याच्याही वर.

पुठ्ठा लख्ख उजळला. डाग नाही, काही नाही. म्हणजे दिवा उत्तम होता. तिने पुठ्ठा हळूहळू खाली आणायला सुरुवात केली.

कपाळाच्या उंचीपर्यंत लख्ख. भुवयांच्या खाली आल्यावर पुठ्ठ्याच्या मध्यावर एक ठिपका उमटला, बटणाएवढा. तिने आणखी बोटभर खाली घेतलं. ठिपका वाटीएवढा झाला. नाकाच्या उंचीला बशीएवढा, आणि मग तेवढाच राहिला. एक वीत खाली येईपर्यंत तेवढाच, नीट गोल. पुठ्ठ्याला कुठे काही लागत नव्हतं. हवेतून खाली यावा तसा तो येत होता.

हनुवटीच्या खाली आल्यावर ती गोल सावली एकाएकी दोन्ही बाजूंना पसरली. डावीकडे तेवढीच, उजवीकडे तेवढीच.

ताईचे हात थांबले. रोज माणसांच्या चेहऱ्यांवर चष्मे चढवणारी बाई ती. डोकं केवढं असतं, मान कुठे येते, खांदे कुठे सुरू होतात, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने पुठ्ठा टाकून द्यायला हवा होता. पण इतके दिवस सगळ्यांनी तिला टोलवलं होतं, आणि पहिल्यांदाच कुठलीतरी गोष्ट सरळ उत्तर देत होती. तिने पुठ्ठा आणखी खाली घेतला. छातीच्या खाली, कंबरेच्या जरा वर, त्या रुंद सावलीतून दोन पट्टे पुढे निघाले. एकमेकांना समांतर, कोपरापासून हाताचे असतात तेवढे लांब. तिच्या दिशेने नाही, दुसऱ्या बाजूला. अण्णांच्या खोलीच्या दाराकडे.

पॅसेजमध्ये ओल्या चुन्याचा वास होता, नव्या सीलिंगचा. इतके दिवस तो तिला जाणवला नव्हता. वर दिव्याच्या पेटीतून बारीक गुणगुण ऐकू येत होती... आणि तिला वाटलं, आपल्या श्वासाशिवाय इथे दुसरा श्वास नाही, हे काही बरं नाही. असता तर निदान माणूस तरी म्हणता आलं असतं.

तिने पुठ्ठा छातीशी धरला, पाठ न फिरवता मागे मागे गेली आणि दार उघडून बाहेर आली.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला? वायरमनला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, होऊन जाईल. दोन दिवस तीही डाव्या भिंतीला चिकटून बाथरूमला गेली. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचीच लाज वाटली. डोळे कसे फसवतात हे आपण रोज बघतो, पुठ्ठा वाकलेला असेल, हात थरथरत असतील, असं ती मनाला पटवत राहिली. आणि त्याच संध्याकाळी भिंतीला घासत जाताना अण्णांची काठी सटकली. ते सावरले, पण इतक्या दिवसांचा सगळा वैताग त्यांच्यावर निघाला. नाही नाही ते बोलली. तुमच्यामुळे घराचा उकिरडा झाला, तुमच्यामुळे मला कुठे जाता येत नाही, आणि तुम्ही एक साधी गोष्ट ऐकत नाही. उद्यापासून मधून चालायचं, दांडी धरून. मधून म्हणजे मधून.

अण्णा खाली बघत उभे होते. बरं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा गाळत होती. पॅसेजमधून काठी पडल्याचा आवाज आला. त्यापाठोपाठ जो आवाज यायला हवा होता, तो आला नाही. ती गाळणी तशीच हातात घेऊन धावली.

अण्णा तिसऱ्या दिव्याखाली होते. काठी लांब जाऊन पडली होती. पाय मागे घसरलेले, सगळं शरीर पुढे झुकलेलं, भिंतीला शिडी लावून ठेवावी तसं. पण तिथे भिंत नव्हती. दांडी हातभर अंतरावर होती आणि अण्णांचे दोन्ही हात खाली लोंबत होते. अशा अवस्थेत माणूस एक क्षण टिकत नाही. स्वयंपाकघरापासून इथे येईपर्यंत तिने वीस पावलं टाकली होती, आणि ते तसेच होते. डोळे उघडे. त्यांचा सदरा दोन्ही काखांखाली चुरगळून वर आला होता.

ती पुढे गेली आणि तिने त्यांना कवेत धरलं. पहिल्यांदा त्यांचं काहीच वजन लागलं नाही. मग एकदम सगळं वजन तिच्या अंगावर आलं, जड पोतं एकाने दुसऱ्याच्या हातात सोपवावं तसं, आणि ती त्यांना घेऊन हळूहळू खाली बसली. त्या एवढ्याशा उजेडात दोघं बसून राहिली. गोल लख्ख होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

अण्णांना कुठे खरचटलंही नव्हतं. त्यांना पलंगावर नेऊन निजवल्यावर तिने कितीतरी वेळ त्यांचे पाय चोळले. काल बोलले ते मनात धरू नका, असं तिला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं दुसरंच.

"तुम्हाला धरलं कुणी?"

"त्यानेच," अण्णा म्हणाले.

तिने त्यांच्या पायांवर पांघरूण ओढलं आणि विचारलं, "आणि पाडलं कुणी?"

अण्णांनी छताकडे बघितलं. "पाय अडला, एवढं कळलं. कशाला अडला... दोन्ही एकदमच झालं, ताई. मला सांगता नाही येणार."

"पहिल्यांदा पडलात तेव्हा?"

"तेव्हाही डोकं आपटलं नाहीच की माझं... आणि तेव्हाही पाय अडलाच होता."

दुपारी तिने वायरमनला बोलावलं आणि सांगितलं, पाचही दिवे काढा. तो तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, होऊन जाईल, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच दिवशी झालं. पाच भोकांवर पांढऱ्या गोल चकत्या बसल्या. भिंतीच्या वरच्या कडेने लांब नळीसारखा दिवा लागला, वर पांढरं झाकण असलेला, न टोचणारा. उजेड पाण्यासारखा सगळीकडे सारखा पसरला. गोल नाही, डाग नाही, सावली नाही. धाकट्याने फोनवर सांगितलं की मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो. तिने ते ऐकून घेतलं. उलट बोलली नाही, त्यामुळे तोच घाबरला आणि तुला बरं नाही का, असं विचारत बसला.

अण्णा आता सरळ चालायला लागले. दांडी धरून, मधून, कुठेही न वळता. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी संध्याकाळी, त्यांना जेवायला वाढताना, तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आता वाटेत नसतं ना?"

"नाही."

"गेलं म्हणजे?"

अण्णांनी घास हातात धरला. "दिवसा नसतं घरात," ते म्हणाले. "सकाळी तू गेलीस की घर मोकळं असतं. तू आलीस की..." तिच्या खांद्याकडे बघून त्यांनी नजर खाली घेतली आणि घास तोंडात घातला.

अण्णा, पुरे आता, असं ती म्हणाली. पण पाण्याचा तांब्या आणायला उठली तेव्हा टेबलाची कड धरून उठली.

त्यानंतरच्या सोमवारी चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी काउंटरसमोर उभं राहून वर बघितलं, खाली बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. काउंटरवर छतात बसवलेले सहा दिवे होते, ओळीने. ताई बसायची उजवीकडच्या शेवटच्या दिव्याखाली. मॅडम, तुमच्याकडचा दिवा मंद झालाय का हो, त्यांनी विचारलं. ताईने काचेवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघितलं. हातांच्या शेजारी, कोपरापाशी, काच राखाडी होती.

असेल, ती म्हणाली.

मालकांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने शिडी लावून दिवा बदलला, उतरला, आणि बघून पुन्हा चढला. दिव्यात दोष नाही, म्हणाला, काउंटरची काच बघा. मालकांनी त्याला काचेवरून सुनावलं. ताई मधे पडली नाही. दोन्ही पावलं जमिनीला घट्ट टेकवून ती गिऱ्हाइकांना विचारत राहिली, आता कसं दिसतंय, आणि आता.

दुसऱ्या दिवशी तिने आपलं स्टूल काउंटरच्या डाव्या टोकाला नेलं. इकडे ऊन येतं, असं कारण सांगितलं. दिवसभरात ती एकदाही उठली नाही. फ्रेम हवी असली की दुसऱ्या कुणाला तरी काढून द्यायला सांगायची. जेवणाचा डबाही तिथेच उघडला.

संध्याकाळी मालक फोनवर इलेक्ट्रिशियनशी बोलत होते, आवाज चढलेला. "अहो, उजवीकडचा झाला आपोआप चांगला. आता डावीकडचा गेलाय... नाही हो, आजच. हे काय विकलंत तुम्ही मला?"

मग त्यांनी फोन ठेवला, एकेक करून मागचे दिवे बंद केले आणि शटर अर्ध्यावर ओढलं. काउंटरपासून दारापर्यंत पाच-सहा पावलांचं अंतर होतं, आणि मधे धरायला काहीच नव्हतं. मॅडम, निघायचं ना, त्यांनी दोनदा विचारलं.

हो, ताई म्हणाली. काचेची कड तिने दोन्ही हातांनी धरली होती. स्टुलावरून मात्र ती अजून उठली नव्हती.